दम लवकर परत येतो, नडगी उशिरा: नाशिकमध्ये पुन्हा धावायला लागताना

चार-पाच वर्षं खुर्चीत काढलेला माणूस पुन्हा धावायला लागला की पुढचं बहुतेक ठरलेलं असतं. पहिले दहा दिवस जीव घशाशी येतो. तिसऱ्या आठवड्यात दम टिकायला लागतो, हुरूप वाढतो, गंगापूर रोडवर कुणीतरी मागून येऊन पुढे निघून जातं आणि आपणही जोर लावतो. पाचव्या-सहाव्या आठवड्यात नडगी ठणकायला लागते, किंवा सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवताना टाचेत कळ जाते. मग महिनाभर विश्रांती, आणि पावसाळा सरला की पुन्हा पहिल्यापासून.

यात आळशीपणाचा काही संबंध नाही. शरीराचे भाग वेगवेगळ्या चालीने तयार होतात, एवढंच. हृदय आणि रक्ताभिसरण दोन-तीन आठवड्यांत सुधारायला लागतं. स्नायूंना दीड-दोन महिने लागतात. टाचेमागची जाड दोरी, म्हणजे अकिलिस टेंडन, आणि नडगीचं हाड यांची तीन-चार महिन्यांखाली बात नाही. हाडाचं तर आणखी विचित्र: बळकट होण्याआधी ते थोडं कमजोर होतं. नवा ताण आला की आधी जुनं हाड कोरलं जातं, मग त्या जागी नवं भरलं जातं. कोरून झालंय पण भरायचं बाकी आहे, असा काळ साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्याच्या आसपास येतो. म्हणजे दम सगळ्यात जास्त खुणावतो तेव्हाच नडगी सगळ्यात कच्ची असते.

म्हणून खालचं सगळं वेळापत्रक नडगीच्या हिशेबाने आखलंय. दमाच्या हिशेबाने ते संथ वाटेल, वाटू द्या.

सुरू करण्याआधी

चाळिशी ओलांडली असेल, मधुमेह किंवा बीपी असेल, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, किंवा जिना चढताना छातीत दडपण येत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर धावायच्या दिवशी डोस कसा घ्यायचा हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्या आणि खिशात ग्लुकोजच्या गोळ्या किंवा चार-पाच पेपरमिंट ठेवा.

मग पायांची परीक्षा. सपाटीवर सलग ४५ मिनिटं भरभर चालता येतं का? दुसऱ्या दिवशी सकाळी कुठे दुखत नाही ना? असं आठवड्यातून पाच दिवस, दोन आठवडे जमलं की पुढे जा. नाही जमलं तर सध्या तुमचा व्यायाम चालणं हाच आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही. दुसरी परीक्षा: एका पायावर दहा छोट्या उड्या, मग दुसऱ्या पायावर दहा. नडगीत किंवा तळव्यात एकाच जागी टोचलं तर धावणं पुढे ढकला.

त्र्यंबक-हरसूल भागातल्या पाड्यांवरची मुलं शाळेत जायला, पाणी आणायला रोज चढ-उतार करत मोठी होतात. याच पट्ट्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं. ऑफिसातून उठलेल्या पायांनी त्यांच्या वेगाशी बरोबरी करायला जाऊ नये, पण पाय आधी चालण्यावर तयार करण्याची कल्पना मात्र जरूर उचलावी.

पोटरीचं काम, जे कुणी करत नाही

धावताना पोटरीच्या आतल्या, खोलवरच्या स्नायूवर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. हा स्नायू थकला की तो भार सरळ नडगीवर आणि टाचेच्या दोरीवर पडतो. बाहेर पळायचे शूज घ्यायला हजारो रुपये जातात आणि हा फुकटचा व्यायाम राहून जातो.

इमारतीच्या जिन्याची सगळ्यात खालची पायरी घ्या. एका हाताने कठडा धरा, नुसता तोल सावरण्यापुरता. दोन्ही पावलांचा पुढचा भाग पायरीवर, टाचा बाहेर हवेत. दोन सेकंदांत टाचा वर, वर एक सेकंद थांबायचं, आणि तीन सेकंद लावून खाली, पायरीच्या पातळीखाली जाईपर्यंत. असे १२ वेळा, तीन फेऱ्या. मग गुडघे थोडे वाकवून तेच पुन्हा १२ वेळा, तीन फेऱ्या. गुडघा वाकला की वरच्या पोटरीचा जोर निघतो आणि आतला स्नायू कामाला लागतो, म्हणून दोन्ही प्रकार करायचे. आठवड्यातून दोनदा पुरे.

इथे दोन चुका होतात. पहिली, स्प्रिंगसारखं उडत करणं: त्यात दोरीच झोका देते, स्नायू आराम करतो. दुसरी, वर गेल्यावर घोटा बाहेर कलंडून वजन करंगळीवर जाणं. वजन अंगठ्याच्या मुळाशी असायला हवं. पायात मोजे नसताना आरशासमोर एकदा बघून घ्या. दोरी जिथे टाचेच्या हाडाला चिकटते नेमकं तिथेच दुखत असेल तर पायरी सोडा आणि सपाट जमिनीवरच करा, टाच खाली ताणू नका.

दोन्ही पायांवर सहज जमायला लागलं की एका पायावर. सपाट जमिनीवर एका पायावर सलग २५ वेळा, टाच पूर्ण उचलून, जमलं की पोटरी सलग धावायला तयार आहे असं समजा. बऱ्याच जणांचा पहिला आकडा ८ किंवा १० असतो, आणि एका पायाचा दुसऱ्यापेक्षा कमी. कमी असलेल्या पायाला एक फेरी जास्त द्या.

त्याच पायरीवर दुसरा व्यायाम: एक पाय पायरीवर, दुसऱ्याची टाच हळूच खाली जमिनीला लावून परत वर. प्रत्येक पायाने १० वेळा, दोन फेऱ्या. खाली जाताना गुडघा आत, दुसऱ्या पायाकडे झुकतो का ते बघा. झुकत असेल तर खुब्याच्या बाजूचे स्नायू झोपलेत. कुशीवर पडून वरचा पाय सरळ उचलणं, १५ वेळा, त्यांना जागं करतं. आणि दात घासताना एका पायावर उभं राहायचं, अर्धा मिनिट एक, अर्धा मिनिट दुसरा. हसू आलं तरी डोंगरावर घोटा मुरगळणं याच सवयीने टळतं.

बारा आठवडे

आठवड्यातून तीन दिवस धावायचं, मधे किमान एक दिवस मोकळा. मंगळवार, गुरुवार आणि रविवार सोयीचं पडतं. प्रत्येक वेळी आधी पाच मिनिटं भरभर चालणं, मग पाय पुढेमागे झुलवणं, घोटे फिरवणं, शेवटी पुन्हा पाच मिनिटं चालणं. थंड अंगाने वाकून पायाची बोटं धरून बसायची गरज नाही. ताणणं शेवटी ठेवा.

मंगळवार-गुरुवारचा मधला भाग असा. पहिला आणि दुसरा आठवडा: १ मिनिट धावणं, २ मिनिटं चालणं, असं ८ वेळा. तिसरा: २ मिनिटं धावणं, २ चालणं, ६ वेळा. चौथा आठवडा हलका, पहिल्या आठवड्याचंच, फक्त ६ वेळा. पाचवा: ३ धावणं, दीड चालणं, ६ वेळा. सहावा: ५ आणि २, चार वेळा. सातवा: ८ आणि २, तीन वेळा. आठवा पुन्हा हलका: ५ आणि २, तीन वेळा. नववा: १२ आणि २, दोनदा. दहावा: १५ आणि १, दोनदा. अकरावा: सलग २५ मिनिटं. बारावा: सलग ३० मिनिटं.

चौथा आणि आठवा आठवडा टाळायचा मोह सगळ्यांना होतो. कोरलेलं हाड भरायला दिलेली ती सुट्टी आहे. ताप, लग्न, ऑडिट यांमुळे आठवडा बुडाला तर मागच्या आठवड्यापासून धरा. दोन आठवडे बुडाले तर दोन पायऱ्या मागे. बुडालेलं एका रविवारी भरून काढायला जाणं, हे दुखण्याचं सगळ्यात सरळ कारण.

वेग किती? धावता धावता घराचा पूर्ण पत्ता, पिनकोडसकट, न अडखळता सांगता आला पाहिजे. सोसायटीच्या नावापाशीच श्वास तुटला तर वेग जास्त आहे. हा वेग सुरुवातीला लाजिरवाणा वाटतो, भरभर चालणारे आजोबा पुढे जातात. जाऊ द्या. पहिले बारा आठवडे घड्याळात किलोमीटर बघू नका, फक्त मिनिटं बघा. स्ट्राव्हासारखं धावणं नोंदवणारं ॲप लावायचंच असेल तर वेगाचा आकडा झाकून ठेवा.

एक गोष्ट मात्र मोजा. उजवा पाय ३० सेकंदांत किती वेळा टेकतो ते मोजून चारने गुणा. ३८ म्हणजे मिनिटाला १५२ पावलं, ४२ म्हणजे १६८. आकडा १५० च्या खाली असेल तर तुम्ही पाय फार पुढे टाकताय, टाच ब्रेकसारखी जमिनीवर आदळतेय आणि तो धक्का नडगी-गुडघ्याने खाल्लाय. वेग तोच ठेवून पावलं थोडी आखूड आणि थोडी भराभर टाका. एकदम नको, पाचेक टक्क्यांनी.

रविवार वेगळा. पहिले चार रविवार मऊ वाटेवर ४५ ते ६० मिनिटं फक्त चालणं. पाचव्यापासून चढ किंवा पायऱ्या, चालतच. नवव्यापासून सौम्य पायवाटेवर थोडं धावणं. आठवड्याच्या एकूण वेळेपैकी रविवारचं धावणं एक तृतीयांशापेक्षा फार जास्त होऊ देऊ नका.

पायाखाली काय आहे

नाशिककराला खरं तर सगळं जवळ आहे. सुरुवातीचे आठवडे गोल्फ क्लबचं मैदान, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, किंवा कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक. इथे फेऱ्या कंटाळवाण्या असतात हे खरं, पण थकलात तर घर जवळ असतं आणि खड्ड्यात पाय जात नाही. एकाच दिशेने गोल गोल धावलं की आतल्या पायावर वेगळा ताण येतो. गर्दी परवानगी देईल तेव्हा दिशा बदला.

डांबरी रस्त्यावर धावायचं तर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने, म्हणजे रस्त्याच्या उजवीकडून. रस्त्याच्या कडेला उतार असतो. तासभर त्याच कडेने गेलं की एका बाजूचा खुबा किंवा गुडघा बोलायला लागतो. फुटपाथवरचे पेव्हर ब्लॉक अंधारात टाळा, एखादा हललेला असतोच. आनंदवल्ली, सोमेश्वरवरून गंगापूर धरणाकडे जाताना रस्ता नदीच्या उगमाकडे, म्हणजे हळूहळू चढत जातो. जाताना दमलात आणि येताना सुसाट आलात तर त्यात तुमचं कर्तृत्व थोडं, गोदावरीचं जास्त.

मखमलाबाद, दिंडोरीकडचे शिवाररस्ते धावायला फार छान, मऊ आणि मोकळे. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागांमध्ये औषध फवारणी जवळजवळ रोज चालते आणि ती सकाळी, वारा पडलेला असताना होते, म्हणजे नेमकी तुमच्या वेळेला. ट्रॅक्टरच्या ब्लोअरचा आवाज आला किंवा बागेवर धुकं दिसलं की वळा. जोरात श्वास घेत त्यातून जाणं म्हणजे औषध ओढून घेणं. दुसरी गोष्ट बिबट्या. ऊस आणि मळे जवळ असलेल्या वाटांवर उजाडल्याशिवाय जाऊ नका, एकटे जाऊ नका, कानात इअरफोन घालू नका. दिसलाच तर पळायचं नाही, खाली बसायचं किंवा वाकायचंही नाही. तोंड त्याच्याकडे ठेवून, हात वर करून, आवाज करत मागे सरकायचं. कुत्रं अंगावर आलं तरी तेच पहिलं पाऊल: धावणं थांबवून चालायला लागा. चावलं किंवा ओरखडा जरी काढला तरी साबण-पाण्याने १५ मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा.

पावसाळ्यात गोदाकाठच्या वाटा विसरा. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की काठ पाण्याखाली जातो, आणि नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठवर पाणी आलंय हे बघायला जमलेल्या गर्दीतून धावता येत नाहीच. पाणी ओसरल्यावर राहणारा गाळ बर्फासारखा निसरडा असतो.

डोंगर: चढताना चाला, उतरताना शिका

पायऱ्यांची पहिली ओळख पांडवलेणीला करून घ्या. मुंबई-आग्रा महामार्गाला लागून, नीट बांधलेल्या पायऱ्या, माणसांची ये-जा. म्हसरूळजवळची चामरलेणी हा दुसरा पर्याय. पाचव्या आठवड्यात एकदा वर, एकदा खाली, चालत. पुढच्या आठवड्यात दोनदा. सातव्यापासून हवं तर तीनदा. याहून जास्त कशाला? उतरणं महाग पडतं.

चढताना धावणं हा हट्ट सोडा. चांगले डोंगर-धावकही उभ्या चढाला चालतात, कारण तिथे धावण्याचा आणि भरभर चालण्याचा वेग जवळपास सारखा पडतो आणि दम दुप्पट जातो. पाऊल आखूड, पूर्ण तळवा टेकवून, चढ उभा असेल तर तळहात मांड्यांवर दाबून. कमरेतून वाकू नका, घोट्यापासून सगळं शरीर पुढे झुकवा. घराच्या पत्त्याची परीक्षा चढावरही लावा. जमत नसेल तर थांबू नका, पावलं आणखी आखूड करा.

उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो. त्यातून त्याचे धागे सूक्ष्म प्रमाणात फाटतात, म्हणून चढून आल्यावर काही वाटत नाही आणि दोन दिवसांनी खुर्चीवर बसवत नाही. नवख्या माणसाची चूक भीतीतून होते: तो मागे रेलतो, पाय पुढे टाकतो, टाचेवर उतरतो. मागे रेललं की टाच घसरते आणि बसूनच खाली येणं होतं. त्याऐवजी गुडघे किंचित वाकलेले, छाती पायांच्या वर, हात पंखांसारखे बाजूला, पावलं छोटी आणि खूप. नजर पायाजवळ नको, तीन-चार मीटर पुढे ठेवा. पाय कुठे पडायचा हे डोळ्यांनी दोन पावलं आधी ठरवलेलं असलं पाहिजे. हे आधी दहा-पंधरा मीटरच्या छोट्या उतारावर करून बघा, पाच-सहा वेळा, आणि मगच लांब उतारावर.

आपल्याकडच्या वाटांवर तीन प्रकारची जमीन भेटते. मुरमाच्या उतारावर बारीक खडे गोळ्यांसारखे पायाखालून सरकतात. अशा घसाऱ्यावर ब्रेक लावू नका, वाटेच्या कडेचं गवत किंवा पक्का दगड शोधून तिथे पाय द्या. कातळ कोरडा असताना उत्तम पकड देतो, पण जून-जुलैत त्यावर शेवाळ धरलं की कुठलाच बूट उपयोगाचा नाही. काळपट-हिरवी चकाकी दिसली की धावणं बंद. काळी माती ओली झाली की बुटाला चिकटत जाते, शंभर पावलांत प्रत्येक पाय अर्धा किलो जड वाटायला लागतो आणि घोटा थकतो. पावसाच्या दुसऱ्या दिवशी शेतातली वाट सोडून मुरमाड वाट धरा.

ढोरवाटांचा मोह आवरा. गुरांनी पाडलेली वाट पुढे दहा दिशांना फुटते आणि करवंदीच्या जाळीत संपते. उन्हाळ्यात आणि पाऊस सुरू होताना दगडगोट्यांच्या उतारावर फुरसं हा विषारी साप असू शकतो. दिसायला लहान, रंग मातीसारखा. दगडाच्या फटीत हात घालायचा नाही, बसण्याआधी जागा बघायची. साप चावला तर जखम कापणं, चोखणं, आवळून दोरी बांधणं यातलं काही करू नका. अवयव हलणार नाही असा ठेवा, माणसाला चालवू नका, १०८ ला फोन करून प्रतिविष मिळेल अशा मोठ्या रुग्णालयात न्या. कड्यांवर आग्या मोहोळ असतं. तिथे आरडाओरडा, धूर आणि अंगावर उग्र अत्तर, तिन्ही नको.

बूट, मोजे, नाड्या

शूज संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. धावायचे मोजे घालूनच मापून बघा. उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. ती नसली तर उतारावर नखं काळी पडणारच. रस्त्यासाठी साधे रनिंग शूज पुरतात. डोंगरासाठी तळाला चार-पाच मिलिमीटरचे दात असलेले ट्रेल शूज नवव्या आठवड्यानंतर घ्या, आधी नाही. पांढरपेशा वॉकिंग शूजचा गुळगुळीत तळ मुरमावर घेऊन जाऊ नका. ५०० ते ८०० किलोमीटरनंतर तळातला फोम दबतो. वरून बूट नवा दिसतो आणि नडगी मात्र तक्रार करते. खरेदीची तारीख आतल्या जिभेवर पेनाने लिहून ठेवा.

बुटाच्या सगळ्यात वरचं, घोट्याजवळचं भोक बहुतेक जण रिकामं सोडतात. ते उतारासाठीच असतं. नाडी त्याच बाजूच्या वरच्या भोकात बाहेरून आत घालून छोटा फास करा, दोन्ही बाजूंना. मग उजवी नाडी डाव्या फासातून आणि डावी उजव्या फासातून ओवून ओढा आणि बांधा. टाच जागेवर घट्ट बसते आणि उतरताना बोटं पुढे आदळत नाहीत.

सुती मोजे घाम शोषतात आणि फोड आणतात, पॉलिस्टरचे घाला. मांड्या घासत असतील तर व्हॅसलिन. पावसात भिजलेले शूज हीटरवर किंवा उन्हात कडकडीत वाळवू नका, चिकटवलेला तळ सुटतो. आतला पातळ तळवा काढा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बोळे बदला.

कुठलं दुखणं चालतं

दहापैकी तीनपर्यंतचं दुखणं, जे धावताना वाढत नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी राहत नाही, ते चालतं. चाल बिघडवणारं कुठलंही दुखणं चालत नाही.

नडगीच्या आतल्या कडेला वितभर लांबीत दुखतंय? धावणं निम्म्यावर आणा, चालणं आणि पोटरीचे व्यायाम चालू ठेवा, दोन आठवडे बघा. पण बोटाच्या पेराएवढ्या एकाच जागेवर दाबलं की जीव जातो, रात्री ठणकतं, तर ते हाडाला बारीक चीर पडल्याचं लक्षण असू शकतं: धावणं त्या दिवसापासून बंद आणि डॉक्टर. साध्या एक्स-रेत अशी चीर सुरुवातीला दिसेलच असं नाही, हे त्यांच्याशी बोलताना ध्यानात असू द्या.

सकाळच्या पहिल्या पावलांना टाचेखाली कळ आणि पाच मिनिटांत कमी, तर तळव्याची पट्टी दुखावलीय. घरात अनवाणी फिरणं सोडा, बिछान्यातच पायाचा अंगठा हाताने मागे ओढून दहा वेळा ताणून मग उठा. गुडघ्याच्या वाटीभोवती, जिना उतरताना जास्त दुखत असेल तर पायरीचा व्यायाम कमी खोलीने करा आणि पावलं आखूड करा. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, ठरावीक मिनिटांनी आणि उतारावर सुरू होणारं दुखणं असेल तर काही आठवडे उतार वर्ज्य.

धावायच्या आधी ब्रुफेनसारखी गोळी घेऊन निघायची पद्धत काही ग्रुपमध्ये आहे. ती धोक्याची सूचनाच बंद करते, आणि घामाने पाणी कमी झालेलं असताना मूत्रपिंडावर ताण आणते.

ऊन, पाणी, मिसळ

थंडीत निफाडकडचा पारा पाच-सहा अंशांवर येतो तेव्हा नाशिकमध्येही पहाटे बोटं बधिरतात. दहा मिनिटं घरातच हालचाल करून निघा. खरा प्रश्न एप्रिल-मे. पारा चाळिशीला टेकतो त्या दिवसांत सातच्या आत परत या. गरमीची सवय व्हायला शरीराला दहा-चौदा दिवस लागतात, तोवर वेग उतरला तरी वाईट वाटून घेऊ नका. घाम जास्त यावा म्हणून रेनकोट किंवा प्लॅस्टिकचं जॅकेट घालून धावणं हा शुद्ध वेडेपणा आहे; जातं ते पाणी, चरबी नव्हे. चक्कर, मळमळ, बोलण्यात गडबड झाली तर सावली, अंगावर पाणी, पंखा आणि १०८.

अर्ध्या तासाच्या धावण्याला आधी एक ग्लास पाणी पुरतं. तासाच्या वर जाणार असाल तर दर वीस मिनिटांनी १५०-२०० मिली. घरचं ओआरएस: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सपाट सहा छोटे चमचे साखर, अर्धा छोटा चमचा मीठ. वर लिंबू पिळलंत तरी चालेल, मीठ अंदाजाने वाढवू नका. निघायच्या अर्धा तास आधी एक केळं किंवा मूठभर मनुके. परतल्यावर तासाभरात नीट नाश्ता, त्यात डाळ, अंडी, दूध किंवा उसळ यातलं काहीतरी.

उसळ म्हटलं की रविवारची मिसळ आलीच. एक किलोमीटर धावायला वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण एक कॅलरी लागते. ७५ किलोच्या माणसाला पाच किलोमीटरचे पावणेचारशे. फरसाण, तर्री आणि चार पाव घेतले तर तो हिशेब टेबलावरच मिटतो. मटकी दोनदा घ्या, पाव दोनच, पापड शेजाऱ्याला.

तेराव्या आठवड्याचा रविवार

बारा आठवडे नीट झाले, एका पायावर २५ वेळा टाच उचलता आली आणि कुठे दुखत नसेल तर अंजनेरी. त्याआधी हवं तर पेठ रोडकडच्या आशेवाडीचा रामशेज एकदा करून या, छोटा आणि सुटसुटीत आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, अंजनेरीचा माथा तेराशेच्या घरात, म्हणजे घाई करायची जागा नाही.

श्रावणी सोमवार टाळा, तिसऱ्या सोमवारी तर ब्रह्मगिरीच्या फेरीसाठी त्र्यंबक रोड माणसांनी फुललेला असतो. उजाडल्यावर चढायला लागा, दीड लिटर पाणी, शिट्टी, चार्ज केलेला फोन, आणि कुठे जाताय हे घरी सांगून. हे राखीव वनक्षेत्र आहे. चौकीवर नोंद करा, मळलेली वाट सोडू नका: इथल्या पठारावर कंदीलपुष्पाची अशी एक जात उगवते जिला अंजनेरीचंच नाव दिलेलं आहे, आणि कड्यांवर गिधाडांची घरटी असतात.

पायऱ्यांचा चढ पूर्ण चालत. अंजनीमातेच्या मंदिराजवळच्या सपाटीवर आलात की दहा मिनिटं सावकाश धावा, घराचा पत्ता म्हणत. वारा जोराचा असेल तर कड्यापासून लांबच राहा. मग थोडं खाऊन, वरच्या भोकातून नाड्या आवळून, चालत खाली. धावत उतरण्याचा मोह गावाजवळ आल्यावर होतो, तेव्हा मांड्या थकलेल्या असतात आणि घोटे तिथेच मुरगळतात.

सोमवारी बरं वाटेल, त्यावर जाऊ नका. मंगळवारी सकाळी जिना उतरून बघा. कठडा धरावा लागला तर त्या दिवशीचं धावणं अर्ध्या तासाच्या चालण्यावर आणा, गुरुवारी पुन्हा बघा.